डोळा लावायची जागा

गेल्या वैशाखातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज घेऊन संध्याकाळी घरी आला. जामीनदार म्हणून त्याला माझी सही हवी होती. शाळामास्तरला असल्या सह्यांची सवय असते. कोणाची म्हैस, कोणाची रिक्षा, कोणाच्या बहिणीचे लग्न, अशा नाना कारणांखाली आजवर माझे नाव लिहिले गेले आहे, आणि दोनदा हप्तेही मलाच भरावे लागले आहेत. म्हणून हल्ली मी आधी कारण विचारतो.

“कशासाठी रे कर्ज?”

“व्ह्यूफाइंडर घ्यायचाय, सर.”

“म्हणजे? कॅमेरा आहे ना तुझ्याकडे?”

“कॅमेरा आहे. डोळा लावायची जागा नाही.”

हा मुलगा लग्नामुंजींचे चित्रण करून पोट भरतो, आणि उरलेल्या वेळात पदरमोड करून आसपासच्या गावांतले जुने वादक, गोंधळी, भारूडवाले यांचे चित्रण करून ठेवतो. मुंबईहून त्याने एक जुना व्यावसायिक व्हिडिओ कॅमेरा विकत आणला होता. असल्या कॅमेऱ्यांत धड वेगळे, भिंग वेगळे आणि पाहण्याचे साधनही वेगळे. ज्याचे त्याने निवडून जोडावयाचे. भिंगापर्यंत पैसे पुरले, व्ह्यूफाइंडरपाशी संपले. मग त्याने कोणाकडून तरी एक लहानसा रंगीत पडदा मागून आणला आणि तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून काम भागवले.

त्या पडद्याने त्याचा घात केला. शेजारच्या गावी ऐंशी ओलांडलेले एक सनईवादक होते. देवळाच्या प्रांगणात, चैत्रातल्या भर दुपारी, याने त्यांचे दोन तास चित्रण केले. उन्हात पडदा फिका पडला होता; त्यावर म्हातारबोवांचा चेहरा दिसत होता आणि बरा दिसत होता, एवढ्यावर हा समाधानी राहिला. रात्री घरी मोठ्या पडद्यावर लावून पाहतो तो चेहरा पुसट आणि मागची दीपमाळ स्वच्छ! भिंग सगळा वेळ दीपमाळेवर रोखलेले. “दगडन् दगड मोजून घ्या, सर,” तो म्हणाला, “पण आजोबांची बोटं सनईवर कशी पडतात ते दिसत नाही.” पुन्हा जाऊ म्हणेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि तेवढ्यात ते वारले.

आता त्याच्यापुढे दोन वस्तू होत्या. एक होता पाच इंची रंगीत पडदा, भडक आणि देखणा. दुसरी होती डोळ्याला लावून पाहायची लहानशी नळी, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, आणि तिची किंमत पडद्याच्या चौपट. कर्ज नळीसाठी हवे होते. मी म्हणालो, “चार दिवस थांब. कशासाठी जामीन राहतो ते मला कळू दे.” माझे भिंगांचे ज्ञान शालान्त परीक्षेच्या एका धड्यापुरते. पण मास्तरला पुस्तक उघडण्याची लाज नसते. मी वाचू लागलो. आणि चार दिवसांचे चार महिने झाले, कारण माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना निघाला.

१८९५ साली ल्युमिएर बंधूंनी पॅरिसला जो सिनेमॅटोग्राफ दाखवला, त्याला डोळा लावायची जागाच नव्हती. ती एक लाकडी पेटी होती. फिल्म भरण्याआधी मागचे दार उघडायचे, फिल्मच्या जागी पडणारी उलटी प्रतिमा पाहून भिंग जुळवायचे, मग फिल्म भरायची, दार लावायचे आणि हँडल फिरवायचे. सुमारे पन्नास सेकंदांत फिल्म संपे. ते पन्नास सेकंद हँडल फिरवणारा मनुष्य आंधळाच. नुसत्या नजरेने समोर बघे आणि पेटीही तेच पाहत असेल अशा श्रद्धेने फिरवीत राही. हाच सिनेमॅटोग्राफ १८९६ च्या ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात आला, आणि तो पाहून आपल्या सावेदादांना, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, वेड लागले. विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि १९०१ साली रँग्लर परांजपे यांचे स्वागत. कुस्तीगीर काही एका जागी उभे राहत नाहीत. या गृहस्थांनी ती कशी साधली असेल याचा विचार करताना मला देवळातल्या दीपमाळेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

दादासाहेब फाळक्यांची कथा तर डोळ्यांचीच कथा आहे. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला, आणि पुढे रात्रीमागून रात्री पडद्यासमोर काढल्या, घरी प्रयोग केले. इतके की त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा, छपाईचे यंत्र व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. त्या वेळी कोरी फिल्म भोकांशिवाय मिळे. अंधारात बसून भोके पाडायची, चित्रण करायचे, पुन्हा अंधारात धुवायची. या कामांत सरस्वतीबाईंचा हात बरोबरीने होता. पहिला प्रयोग त्यांनी केला तो वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा. कुंडी पळून जात नाही. रोज थोडेथोडे चित्र घेता येते. मला वाटते, नव्या यंत्राशी डोळ्याची ओळख करून घेण्याचा याहून शहाणा मार्ग नसेल. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्याचे चित्रण फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग यांना शिकवून त्यांच्याकडून करवले. पण घेतलेले चित्र साधले की बिघडले, हे फिल्म धुतल्याशिवाय त्या घरात कोणालाही कळत नव्हते.

तोवर पश्चिमेकडचे कारागीर या आंधळेपणावर इलाज शोधू लागले होते. सर्वांत सोपा इलाज म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगाला दुसरी लहानशी खिडकी लावायची. पण नाकासमोर बोट धरून एकदा उजवा आणि एकदा डावा डोळा मिटून पाहावे. बोट जागचे हललेले दिसते. शास्त्राच्या पुस्तकात याला लंबन म्हणतात. दूरचा डोंगर दोन्ही खिडक्यांतून सारखाच दिसतो. मात्र नट जवळ आला की खिडकीत तो पुरता दिसतो आणि फिल्मवर त्याचा कान कापला जातो. शिवाय बाजूच्या खिडकीला भिंगाचा फोकस मुळीच कळत नाही. फ्रान्समध्ये १९०८ साली निघालेल्या देब्रींच्या पार्वो कॅमेऱ्यात निराळी युक्ती होती: भिंगातून फिल्मवर पडलेली प्रतिमा फिल्मच्याच पाठीमागून पाहायची. त्या वेळची फिल्म अर्धवट पारदर्शक असे, म्हणून हे जमे. पुढे प्रकाश परतून चित्र डागाळू नये म्हणून फिल्मच्या पाठीला गडद लेप देऊ लागले. चित्र सुधारले आणि डोळ्याची वाट बंद झाली. अमेरिकेत १९२० च्या सुमारास मिचेल कॅमेरा आला. त्यात भिंग जागेवर ठेवून मागचे सगळे धड बाजूला सरकवायचे, म्हणजे पाहण्याची दुर्बीण भिंगामागे येई. फोकस जुळवायचा, धड पुन्हा मूळ जागी आणायचे आणि मग चित्रण. सत्य पाहून घ्यायचे ते आधी. प्रत्यक्ष क्षणी मात्र पुन्हा बाजूच्या खिडकीचा आधार.

याच सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने स्वतःचा कॅमेरा घडवून मोकळे झाले होते, आणि त्या उद्योगातून ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. बाबूराव मूळचे चित्रकार. प्रसंग घेण्याआधी ते त्याची रेखाटने करीत. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. ज्याच्या यंत्राला डोळा लावायची जागा अपुरी, त्याने चित्र आधी मनात पुरे करून घ्यावे लागते. आजच्या मुलांना वाटते की पडदा समोर असला म्हणजे चित्र सुचेल. तेव्हाच्या लोकांना चित्र सुचल्यावाचून हँडलला हात लावता येत नव्हता.

पण मनातले चित्र कितीही पुरे असले तरी सनईवाल्याची बोटे ऐन क्षणीच हलतात. तो क्षण भिंगातून पाहता यावा ही सोय झाली १९३७ साली, म्युनिकच्या आर्नोल्ड आणि रिश्टर यांच्या ॲरिफ्लेक्स कॅमेऱ्यात. रचना करणाऱ्या इंजिनिअरचे नाव एरिश केस्टनर. (मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारा एरिश केस्टनर निराळा, मीही आधी फसलो होतो.) फिल्मसमोर एक अर्धगोल झडप सतत फिरत असते, फिल्म पुढे सरकताना ती प्रकाश अडवते. केस्टनरने या झडपेला आरसा केला आणि ती तिरपी बसवली. झडप उघडी असते तेव्हा प्रकाश फिल्मवर; बंद असते तेव्हा तोच प्रकाश आरशावरून डोळ्याकडे. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे सेकंदाचा सुमारे ४८ वा भाग फिल्मचा आणि तितकाच डोळ्याचा. कॅमेरा हलका, हातात धरण्याजोगा. महायुद्धात जर्मन चित्रणकारांनी तो रणांगणावर नेला, आणि युद्धानंतर हॉलिवूडने त्यावरच १९४७ साली ‘डार्क पॅसेज’चे बरेच प्रसंग घेतले. त्या चित्रपटाचा पहिला मोठा भाग नायकाच्याच डोळ्यांतून दिसतो. आम्ही कादंबरीकार ज्याला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतो ते कॅमेऱ्याला साधले, ते या आरशामुळे. १९८२ सालासाठीच्या ऑस्कर पुरस्कारांत आर्नोल्ड आणि केस्टनर यांचा या शोधाबद्दल गौरव झाला.

तरी या आरशात एक गंमत लपलेली आहे, आणि ती वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. डोळ्याला जो क्षण दिसतो तो फिल्मवर नसतो, आणि फिल्मवर जो उमटतो तो डोळ्याला दिसत नाही. पडद्यावरचा शिपाई बंदूक झाडतो आणि चित्रणकाराला नळीतून जाळ लख्ख दिसतो, तेव्हा समजावे की फिल्मला तो दिसलेला नाही. तो प्रसंग पुन्हा घ्यावा. नीट पाहणे आणि नेमके तेच टिपणे यांच्यामध्ये एका झडपेचे अंतर राहिलेच.

हे अंतर मिटवले टेलिव्हिजनने. पण सुरुवात तिथेही चाचपडतच झाली. १९३६ च्या २ नोव्हेंबरला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा एमिट्रॉन कॅमेऱ्याला पाहण्यासाठी वेगळे भिंग होते आणि त्यात माणसे खाली डोके वर पाय अशी दिसत. खरा पालट झाला १९४६ साली. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या टीके-३० कॅमेऱ्यात मागच्या बाजूला एक लहानसा टेलिव्हिजनच बसवला होता. भिंगात शिरलेला प्रकाश विजेत बदलला की तीच वीज प्रक्षेपणाकडेही जाई आणि चित्रणकाराच्या डोळ्यासमोरच्या काचेवरही चित्र काढी. लंबन गेले, झडप गेली. प्रेक्षक जे पाहणार तेच चित्रणकार पाहू लागला. हाच इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर.

आता पुढची हकीकत ऐका. १९५४ मध्ये त्याच कंपनीचा टीके-४१ हा रंगीत कॅमेरा निघाला. चित्र रंगीत, पण चित्रणकाराचा व्ह्यूफाइंडर काळापांढराच! मला वाटले, कंजूषपणा असेल. तसे नव्हते. काचेच्या जुन्या रंगीत नळीत प्रत्येक ठिपका लाल, हिरवा व निळा अशा तीन कणांचा बनवावा लागे. नळी लहान केली की हे कण बारीक चित्राला पुरे पडत नसत. काळ्यापांढऱ्या नळीवर लेप सलग, म्हणून रेघ सुरीसारखी तीक्ष्ण. पापणीचा केस दिसतो की नाही हे ठरवायचे तर रंग कामाचा नाही, रेघ कामाची. १९७२ साली जपानच्या इकेगामी कंपनीने एचएल-३३ हा खांद्यावरचा कॅमेरा आणला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९८२ मध्ये आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आले, आणि सोनीचा बीटाकॅमही त्याच वर्षीचा. गल्लीतल्या लोकांनी शेजाऱ्याच्या घरी जाऊन रंग पाहिले; पण ते रंग आपल्यापर्यंत पोचवणारा मनुष्य खांद्यावर कॅमेरा घेऊन पुढे कितीतरी वर्षे दीड इंचाच्या काळ्यापांढऱ्या नळीत डोळा घालून उभा होता. त्या नळीवर ‘पीकिंग’ नावाची एक कळ असे. ती फिरवली की फोकसमध्ये आलेल्या कडा वाजवीपेक्षा अधिक उठून दिसत. चित्र कुरूप होई, पण चूक लपत नसे.

इथे माझ्या मनातली गाठ सुटली. विद्यार्थ्याला ज्या पडद्याने फसवले तो वाईट नव्हता. तो गोडबोल्या होता. लहान पडद्यावर सगळेच नेटके दिसते, कारण चूकही लहान होते. वर्गातही मी हे पाहिले आहे. वही हातभर लांब धरली की सगळ्यांचेच अक्षर सुवाच्य वाटते; तांबडी शाई घ्यायची तर वही जवळ ओढावी लागते. व्ह्यूफाइंडर हा चित्र पाहून सुखावण्यासाठी नाही. तो चूक वेळेवर सांगण्यासाठी आहे. रात्री घरी गेल्यावर नव्हे, म्हातारबोवा समोर बसलेले असताना.

मग मी विद्यार्थ्याला बोलावले आणि दोघांनी मिळून यादी केली. काचेच्या नळ्या आता गेल्या. त्यांच्या जागी नखाएवढे पडदे आले, आणि समोरच्या भिंगातून ते मोठे करून दाखवतात. त्यांत ठिपके किती हे पहिले पाहायचे. काही पडदे लाल, हिरवे आणि निळे चित्र एकामागून एक झपाट्याने दाखवतात. डोळा चटकन फिरवला की कडांना इंद्रधनुष्य फुटते. ते सोसवते का, हे स्वतः डोळा लावूनच ठरवावे. चित्र किती उशिरा पोचते तेही पाहायचे. सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबात दोन चित्रांचा उशीर म्हणजे सेकंदाचा साडेबारावा भाग. बोलणाऱ्या माणसाला तो चालतो, लेझीम टिपताना चालत नाही. कडा रंगवून दाखवणारे पीकिंग, फार उजळलेल्या भागावर पट्टे ओढणारा ‘झेब्रा’, आणि मधला तुकडा मोठा करून दाखवणारी कळ ही तिन्ही हवीत, आणि हाताशी हवीत. एका कंपनीची नळी पुष्कळदा दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला लागत नाही. म्हणून तार, जोड आणि वीज कुठून घ्यायची हे पैसे मोजण्यापूर्वी विचारायचे.

पडद्याचीही बाजू आहे. कॅमेरा तिकाटण्यावर असेल, जमिनीलगत असेल किंवा चारजणांना एकदम बघायचे असेल, तर तिथे पडदाच बरा. पण भर उन्हात, खांद्यावर, एकट्याने काम करायचे तर नळीला तोड नाही. डोळ्याभोवतीचे रबर बाहेरचा उजेड तोडते. शिवाय खांदा, हात आणि कपाळ असा तिसरा टेकू मिळून कॅमेरा स्थिर राहतो. एक धोका मात्र मीच त्याला सांगितला, आणि तो ऐकून मुलगा चकित झाला. नळीचे तोंड उन्हाकडे करून कॅमेरा ठेवून देऊ नये. सहावीच्या मुलांना आम्ही भिंगाने कागद जाळून दाखवतो. तोच प्रयोग नळीतल्या भिंगाने आतल्या नखाएवढ्या पडद्यावर होतो आणि डाग कायमचा पडतो.

“पण सर,” तो म्हणाला, “मोठमोठे लोकसुद्धा आता पडद्यावरच बघतात.”

“बघत असतील. पण २०१० साली ॲरीने अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आणला ना, त्याच्या स्टुडिओ नावाच्या प्रकारात केस्टनरचा फिरता आरसा पुन्हा बसवला. ज्यांना काचेतून खरा प्रकाश पाहायचा होता त्यांच्यासाठी. म्हणजे सगळ्यांचे सगळे मिटलेले नाही.”

मी सही केली. व्याज किती, मुदत किती हे वाचून केली. पण ती व्ह्यूफाइंडरपेक्षा त्या दीपमाळेसाठी होती हे मला ठाऊक होते. गेलेले म्हातारबोवा काही कोणत्याही नळीतून परत दिसणार नाहीत. फाळक्यांच्या घरी रात्री फिल्म धुतल्यावर जे कळे ते दुपारीच कळावे, एवढ्यासाठी किती देशांतल्या किती माणसांनी आयुष्ये घातली. आणि ते सगळे हाताशी असताना आमच्या मुलाला ते परवडत नाही म्हणून एक सनई पुसट व्हावी, हे मला बरे वाटेना.

नवरात्रात तो मला त्या गावी घेऊन गेला. पहिला हप्ता त्याने वेळेवर भरला होता. म्हातारबोवांचा मुलगा, तोही आता साठीचा, दीपमाळेसमोर सनई घेऊन बसला होता. विद्यार्थी म्हणाला, “बघा ना सर.” मी चाळिशी कपाळावर चढवली आणि नळीला डोळा लावला. सगळे धुरकट! “भिंग चुकलंय रे तुझं.” तो हसला. “भिंग नाही, सर. ती कडी फिरवा. चित्राकडे बघू नका, कोपऱ्यातली अक्षरं स्पष्ट होईपर्यंत फिरवा. ती तुमच्या डोळ्याची आहे.”

मी फिरवली. अक्षरे उजळली, आणि मग पापण्यांच्या, नखांच्या, सनईच्या भोकांच्या कडांवर बारीक तांबडी रेघ चमकताना दिसली. मागची दीपमाळ पुसट होती. आपल्या डोळ्याचा दोष भिंगावर घालण्याची माझी ही पहिलीच वेळ नसावी. कादंबऱ्या लिहितानाही मी पात्रांवर तो पुष्कळदा घातला आहे.

मी आणखी पाहत राहिलो असतो, पण खांद्यावर हात पडला. “सर, तुमचा नंबर त्यावर ठेवून जाऊ नका हं. मला माझ्या डोळ्यानं बघायचंय.”

त्याने कडी पुन्हा आपल्यापुरती फिरवून घेतली. मी बाजूला झालो. तोवर सनई सुरू झाली होती.